लोखंड गिळलेली झाडं

मंजिरीचा, म्हणजे माझ्या सुनेचा, हार्लेमहून फोन येतो तो रविवारी सकाळी. त्यामुळं गेल्या महिन्यात एका बुधवारी भर दुपारी तिचं नाव फोनवर दिसलं, तेव्हा मी हातातलं काम टाकून तो उचलला. साथीचे दिवस. कुणी नुसतं शिंकलं तरी माणसं लांब सरकायची. मी पहिलं मुलाचं विचारलं, "नितीन बरा आहे ना?" ती म्हणाली, "आम्ही सगळे बरे आहोत आई. समोरच्या ओदील गेल्या."  तिच्या मागं लॅपटॉपवर कुणाची तरी मीटिंग चालू होती, कुणीतरी इंग्रजीत काहीतरी समजावून सांगत होतं... मी विचारलं, "लिहून झालं होतं का त्यांचं?" मंजिरी म्हणाली, "काय आई तुम्ही! माणूस गेलंय, आणि तुम्ही विचारताय लिहून झालं का." पण मला दुसरं काही सुचलंच नाही. आणि खरं सांगते, ओदीलबाई माझ्या जागी असत्या तर त्यांनीही आधी हेच विचारलं असतं.

ओदीलबाई फ्रेंच लेखिका होत्या. अकरा पुस्तकं लिहिलेली. रानावर, डबक्यांवर, शेवाळावर, पाखरांवर, आणि प्रत्येक पुस्तकात कुठं ना कुठं लढाई. मी त्यातलं एक अक्षर वाचलेलं नाही, कारण मला फ्रेंच येत नाही. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं जे काही आहे ते रद्दीतली मासिकं आणि मुलाची इंग्रजीची पुस्तकं वाचून स्वतःचं स्वतः शिकलेलं. मग तू कोण त्यांच्यावर लिहिणारी, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. आम्ही दोघी करवतीच्या घरातल्या. आजऱ्याला ह्यांची लाकडाची वखार आणि लाकूड कापायची गिरणी होती, आणि त्या वखारीच्या गल्ल्याशेजारी मी तीस वर्षं बसले. त्यांच्या वडिलांची फ्रान्सच्या पूर्वेकडच्या डोंगरात, व्होजमध्ये, तशीच गिरणी होती. भुशात वाढलेल्या बाईला भुशात वाढलेली बाई बरोबर ओळखते, एवढंच माझं शिक्षण समजा.

मी हार्लेमला गेले ती त्या पहिल्या वर्षी, फेब्रुवारीच्या शेवटी. सुनेच्या हाताखाली तीन महिने राहावं, ट्युलिप बघावेत आणि परत यावं असा बेत होता. तीन आठवड्यांत सगळं बंद झालं. विमानं बंद, ट्युलिपची बाग बंद. नितीन एका खोलीत मीटिंगमध्ये, मंजिरी दुसऱ्या खोलीत मीटिंगमध्ये, आणि मधल्या खोलीत मी, कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून गॅसपाशी उभी. एक दिवस बाहेरून यंत्राची घरघर आली. खिडकीतनं बघते तर कोपऱ्यावरचं एक दांडगं झाड गेमेंटेची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, माणसं पाडत होती. करवतीचा आवाज ऐकून मला राहवतंय होय! चपला घातल्या आणि गेले. माणसं गेल्यावर मी वाकून एक ढलपी उचलली आणि नाकाला लावली. मान वर केली तर पलीकडच्या बाजूला एक उंच, काटकुळी, पांढऱ्या केसांची म्हातारी. तिच्याही नाकाला ढलपी! दीड मीटरचं अंतर ठेवायचे ते दिवस, त्यामुळं आम्ही दोन खांबांसारख्या उभ्या. ती इंग्रजीत म्हणाली, "वास येतोय तुम्हाला?" मी म्हटलं, "येतोय. शिळ्या ताकासारखा." ती म्हणाली, "मग काळजी नको. ज्यांना तो आजार होतो त्यांचा वास जातो." आणि मोठ्यानं हसली. पुढं लगेच दुसरा प्रश्न, "ताक म्हणजे काय?"

तो प्रश्न सुटायला आम्हाला पाऊण तास लागला. कारण ओदीलबाई 'हं हं' करून सोडून देणाऱ्यातल्या नव्हत्या. दही कसं लागतं, रवी कशाच्या लाकडाची, त्या लाकडाचा वास ताकाला लागतो का, लागत असेल तर कोणतं लाकूड घेत नाहीत... माझं इंग्रजी तोडकं, त्यांचं पुस्तकी. मधे मधे हातवारे. मी रवी फिरवून दाखवली तशी रस्त्यावरच्या सायकली थांबून बघायला लागल्या. घरी आले तर मंजिरी दारात. "आई, आख्ख्या गल्लीला डान्स दाखवून आलात?" मी म्हटलं, "डान्स नव्हे गं, ताक केलं."

तेव्हापासून रोज सकाळी दहाला त्या त्यांच्या दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि मी आमच्या दारात. मधे चिंचोळा विटांचा रस्ता. यान नावाच्या डच माणसाशी लग्न करून त्या चाळीसएक वर्षांपूर्वी तिथं आल्या होत्या. यान जंगलखात्यात होते, वटवाघळं मोजायचे, आणि आता नव्हते. मूल नाही. पॅरिसला एक भाची, क्लेर. त्या मला विचारायच्या आणि मी सांगायचे. फणसाचा भुसा पिवळाधमक का असतो. सागाच्या भुशाचा वास चामड्यासारखा येतो म्हणतात ते खरं का. ओला ओंडका आणि वाळलेला ओंडका नुसत्या टिचकीनं कसा ओळखायचा. आमच्याकडं खंडेनवमीला करवतीच्या दातेरी, फिरत्या पट्ट्याला हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून गिरणी दिवसभर बंद ठेवतात हे ऐकल्यावर तर त्या खुर्चीतनं उठल्याच. "हत्याराला सुट्टी?" म्हणाल्या. "आणि त्या दिवशी ते यंत्र काय करतं?"  मी म्हटलं, "आराम करतं, आणि आम्ही त्याची माफी मागतो." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. कामाची तऱ्हाच होती त्यांची तशी. जे स्वतः पाहिलं नाही किंवा पाहणाऱ्याच्या तोंडून ऐकलं नाही, ते लिहायचं नाही. ऐकीव म्हणून एकच गोष्ट त्यांनी आयुष्यभर लिहिली, आणि नेमकी तीच... पण ते पुढं येईल.

मे महिन्यात त्या मला समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्या दाखवायला घेऊन गेल्या. घेऊन गेल्या म्हणजे मी नितीनच्या गाडीतून, आणि त्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी सायकलवरून. आम्ही पोचलो तेव्हा त्या सायकलला कुलूप लावून सफरचंद खात उभ्या होत्या. त्या टेकड्यांत जर्मनांनी दुसऱ्या जागतिक लढाईत बांधलेल्या काँक्रीटच्या कोठड्या आहेत, जाड भिंतींच्या, अर्ध्या वाळूत बुडालेल्या. ओदीलबाई म्हणाल्या, "यांच्यात आता हिवाळ्यात वटवाघळं झोपतात. यान आत जाऊन मोजायचे आणि मी बाहेर उभी राहून लिहायचे. ज्यांनी हे बांधलं त्यांना वाटलं असेल का, आपण वटवाघळांसाठी घर बांधतोय?" मग त्यांनी त्यांच्या गावाकडचं सांगितलं. तिथल्या डोंगरात पहिल्या लढाईत तोफा चालल्या. गोळ्यांनी जे खड्डे पडले त्यांत पाणी साठून डबकी झाली, बेडूक आले. आणि झाडांत लोखंडाचे तुकडे घुसले. झाडं मेली नाहीत. ती वाढत राहिली, जखमेवर साल आली, लाकूड आलं, आणि लोखंड पोटात राहिलं. बाहेरून काही दिसायचं नाही. पण गिरणीत ओंडका चढवला की करवत नेमकी त्यावर जायची. तिकडं लाकूड विकत घेणारा आजही आधी विचारतो म्हणे, लढाईच्या रानातलं नाही ना?

मला ते ऐकून इतकं घरचं वाटलं! मी म्हटलं, "आमच्याकडं पण तेच. फक्त तोफांच्या जागी भुतं." आमच्या भागात कुणाला बाधा झाली म्हणून चिंचेला नाहीतर पिंपळाला खिळा ठोकतात. भूत त्या झाडात अडकतं अशी समजूत. वीस वर्षांनी ते झाड आमच्या वखारीत यायचं, आणि भूत अडकलेलं असो-नसो, पट्टा मात्र बरोबर अडकायचा. ओदीलबाई हसता हसता एकदम थांबल्या. म्हणाल्या, "माझे वडील तसेच गेले." त्या तेव्हा सात वर्षांच्या होत्या. दुसऱ्या लढाईत जर्मनांनी गाव घेतलं आणि गिरणी चालू ठेवायला लावली. वडील त्यांच्यासाठी लाकूड कापायचे. नाही कापत म्हणून सांगता कुणाला! पण गावातली काही माणसं त्यांच्याशी बोलेनाशी झाली, कुणी रस्ता ओलांडून पलीकडं जायचं. आणि एका सकाळी पट्टा पहिल्या लढाईच्या लोखंडावर आपटून तुटला आणि उडून त्यांना लागला. आईनं सांगितलं, गावानं सांगितलं, जुन्या तुकड्यानं घात केला. "माझी अकराच्या अकरा पुस्तकं त्या तुकड्यातून निघालीत," त्या म्हणाल्या. "माझ्या वडिलांना कुणा माणसानं मारलं नाही, जुन्या लढाईनं मारलं. एवढं एक माहीत होतं म्हणून मी त्या गावात वाढू शकले. ज्यांनी आमच्याशी बोलणं सोडलं होतं त्यांच्या घरी दूध आणायला जाऊ शकले."

आता माझ्या हातून काय झालं ते सांगते. लपवून काय उपयोग.

जूनमध्ये जरा मोकळीक मिळाली, तेव्हा त्यांनी मला मागच्या अंगणात चहाला बोलावलं. टेबलावर लिहायचं सामान होतं, वाळलेली पानं, पाखराची अंडी नव्हे तर अंड्यांची फुटकी टरफलं, आणि कागद उडू नयेत म्हणून ठेवलेली लाकडाची एक चकती. ओकची. पितळेच्या ताटलीएवढी, एका कडेला साल शाबूत, आणि सालीपासून आत गेलेलं एक भोक, भोवती निळाकाळा डाग. लोखंड कधीच कुणी काढून नेलेलं. मी ती उचलली. अहो, तीस वर्षांची सवय! डॉक्टरला हातात एक्स-रे दिला तर तो उजेडाकडं धरणारच. मी चकती तिरकी धरली, वाढीची कडी नखानं मोजली, भोकात करंगळी घातली, आणि मोठ्या शहाणपणानं म्हणाले, "हे लढाईतलं नाही हो. जुनं लोखंड असतं तर त्याच्यावर लाकूड चढलं असतं. इथं बघा, सगळ्यात बाहेरचं कडंसुद्धा तुटलंय, सालीतून सरळ आत गेलाय. हा खिळा आहे, आणि ताजा. झाड पाडायच्या जरा आधी, नाहीतर पाडल्यावर. कुणीतरी मुद्दाम मारलाय." वर हसून म्हटलं, "तुमच्याकडं पण भुतं होती म्हणायची!"

ओदीलबाईंनी चकती माझ्या हातातून घेतली. हळूच, काचेची असल्यासारखी. म्हणाल्या, "ही त्या सकाळच्या ओंडक्याची आहे. माझ्या आईनं नंतर हातकरवतीनं कापून ठेवली होती." मग म्हणाल्या, "चहा गार झाला." आणि कप आत घेऊन गेल्या, त्या बाहेर आल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता त्यांची खुर्ची दारात नव्हती. तिसऱ्या दिवशीही नाही. पडदे ओढलेले. मंजिरी किराणा ठेवून यायची तेव्हा दाराच्या फटीतून हात यायचा आणि पिशवी आत जायची. मी सगळं सांगितल्यावर मंजिरीनं कपाळाला हात लावला. "आई, तुम्हाला कुणी विचारलं होतं का?"

"विचारलं नव्हतं."

"मग?"

"अगं, लाकूड हातात आलं गं..."

"लाकूड हातात आलं! त्या बाईंचे वडील होते ते."

बरोबर होतं तिचं. मी काय केलं होतं? एका म्हाताऱ्या बाईला सत्त्याहत्तर वर्षांनी सांगितलं होतं की तुझ्या बापाला गावानं मारलं. ज्यांच्या घरचं दूध प्यालीस त्यांच्यातल्याच कुणीतरी. तेही हसत. तीन आठवडे माझा पाय घरात ठरत नव्हता. माफी मागायला जावं तर दार बंद. आणि माफी तरी कशाची मागायची? जे बोलले ते खोटं नव्हतं. मी चिठ्ठी लिहायला बसायचे आणि फाडायचे.

एक दिवस मी खिचडीसाठी तांदूळ निवडत बसले होते. मंजिरी अ‍ॅमस्टेलव्हीनच्या आपल्या लोकांच्या दुकानातून दहा किलोचं पोतं आणायची. ती शेजारून जाता जाता म्हणाली, "आई, इथल्या तांदळात खडे नसतात. कितीदा सांगू!" मी म्हटलं, "असू दे, हाताला काम." मी बोलत होते तिच्याशी, बघत होते खिडकीबाहेर, आणि माझं बोट ताटात थांबलं. आपोआप. खाली बघितलं तर एक काळा दाणा. मी बघत नव्हते, तरी बोटानं पकडला... आणि मला आमच्या गिरणीतले तातोबा मिस्त्री आठवले. ओंडका यंत्रावर चढवायच्या आधी ते त्याच्या सालीवरून तळहात फिरवायचे, वरून खालपर्यंत, सगळीकडून, घोड्याला खरारा करावा तसा. तोंडानं आमच्याशी गप्पा, आणि हात आपला चाललेला. पोटातलं जुनं लोखंड त्या हाताला कळायचं नाही, त्यासाठी हातोडीनं ठोकून आवाज ऐकावा लागतो, आणि तरी चुकतं. पण सालीतला ताजा खिळा? डोकं कापून टाका, वर माती लावा, हात थांबणारच. मिस्त्री काय, मी सांगितला असता. मग ओदीलबाईंच्या वडिलांना, जन्मभर लढाईच्या रानातलं लाकूड कापणाऱ्या माणसाला, तो खिळा सापडला नाही?

मी तांदळाचं ताट तसंच ठेवून रस्ता ओलांडला आणि त्यांचं दार वाजवत राहिले. उघडेपर्यंत. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. मी दीड मीटर मागं सरले आणि म्हणाले, "ओदीलबाई, माझं अर्धंच सांगून झालं होतं. खिळा कुणी मारला ते मला ठाऊक नाही. पण आमचे मिस्त्री ओंडका चढवायच्या आधी सालीवरून हात फिरवायचे; तसा फिरवल्यावर तो तुमच्या वडिलांच्या हाताला लागला नाही असं होऊ शकत नाही. तो तिथं आहे हे त्यांना माहीत होतं. एक तर त्यांना सापडला आणि त्यांनी तरी ओंडका चढवला. नाहीतर..."

"नाहीतर त्यांनीच मारला," त्या म्हणाल्या.

त्या उंबऱ्यावरच बसल्या. मी रस्त्याच्या विटांवर बसले, गुडघ्याचं दुखणं विसरून.  मग त्या बोलल्या ते फार हळू, मला कान द्यावा लागला. "त्या सकाळी मी गिरणीत नव्हते. मी रोज असायचे. भुशाच्या ढिगावर बसून ढलप्या निवडायचे. मी पहिल्याच पुस्तकात लिहिलंय की त्या दिवशी मला रानात जावंसं वाटलं. रानानं मला बोलावलं असं लिहिलंय, आणि लोकांना ते वाक्य फार आवडतं... पण रानानं नाही बोलावलं. त्यांनी पाठवलं. आत्ता तुम्ही बोलत होता तेव्हा मला त्यांचा आवाज ऐकू आला. म्हणाले, वरच्या झऱ्यापाशी जा आणि पांढरी फुलं उमलली का बघून ये. मी म्हटलं, अजून थंडी आहे, उमलली नसतील. म्हणाले, मग एक तरी उमलेपर्यंत थांब. त्याच्या आधी येऊ नकोस." ती रानफुलं ऊन लागल्याशिवाय उघडत नाहीत म्हणे. सात वर्षांची पोर एका मिटलेल्या फुलासमोर उकिडवी बसून राहिली, ऊन येईपर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या गोष्टीकडं इतका वेळ बघितलं, त्या म्हणाल्या. पुढं जन्मभर जे केलं, ते त्या दिवशी शिकले. आणि फूल उमललं म्हणून सांगायला धावत खाली आले, तर दारात माणसं जमलेली.

मला वाटलं आता त्या रडतील. त्यांनी नाक पुसलं आणि विचारलं, "तुमचा तो मिस्त्री हात फिरवायचा तो उजवा का डावा?" मी म्हटलं, "डावा. उजव्याला घट्टे असतात, त्याला बारीक कळत नाही." त्यांनी आत जाऊन वही आणली.

त्यानंतर दोन महिने त्यांनी मला पिळून काढलं म्हटलं तरी चालेल. डोकं कापलेला खिळा ओल्या ओकमध्ये किती हातोड्यात जातो. आवाज होऊ नये म्हणून काय गुंडाळतात. पट्टा तुटला की गिरणी किती दिवस बंद राहते. मी म्हटलं, तेव्हाच्या दिवसांत नवा पट्टा कुठला, महिना दोन महिने तरी गेले असते. त्या म्हणाल्या, "म्हणजे दोन महिने जर्मनांना लाकूड नाही." त्यांचे डोळे असे चमकले की काय सांगू! पण मधेच विझायचेही. म्हणायच्या, "मला नायक बाप नको आहे, सुमन. मला काय झालं ते हवंय." कधी म्हणायच्या गावातल्याच कुणीतरी मारला असेल, आणि वडिलांनी ओळखून गप्प राहून ओंडका पुढं ढकलला असेल. कधी म्हणायच्या आईला सगळं माहीत असणार, म्हणून तर तिनं चकती ठेवली आणि म्हणून तर ती जुन्या लढाईचं नाव सांगत राहिली, कारण जर्मन गावातच होते, खरं बोलली असती तर आणखी माणसं गेली असती. मी यावर काही बोलायचे नाही. जीभ एकदा पोळली होती. मला जेवढं लाकडातलं कळतं तेवढं सांगायचे, आणि माणसांतलं विचारलं की म्हणायचे, "ठाऊक नाही." तर त्या खूश! म्हणायच्या, "हे तुमचं ठाऊक नाही मला सगळ्यांत उपयोगी पडतं."

गणपती झाले आणि मला विमान मिळालं. निघताना त्या आमच्या दारापर्यंत आल्या. मी विचारलं, "बारावं पुस्तक कधी?" म्हणाल्या, "बारावं नाही लिहीत. पहिलंच परत लिहितेय." नंतर मंजिरीच्या फोनवरून चारदोनदा बोलणं झालं. थंडी सुरू झाली तशी त्यांचा आवाज बारीक होत गेला, प्रश्न मात्र तेवढेच. जानेवारीत त्या घरात पडल्या, मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात भेटायला कुणाला सोडत नव्हते. तिथंच गेल्या. साथीनं नव्हे, पण साथीच्या दिवसांत. मोजक्या माणसांत पोचवलं. मंजिरीला आत जाता आलं नाही, ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि गाडी गेल्यावर घरी येऊन मीटिंगला बसली.

पंधरा दिवसांपूर्वी भाचीचा, क्लेरचा, फोन आला. मंजिरीनं जोडून दिला. क्लेर म्हणाली, आत्याची टाइप केलेली पानं सापडलीत, जवळपास पूर्ण आहेत, छापायला द्यायची आहेत. फक्त शेवटच्या पानावर समासात पेन्सिलीनं काहीतरी लिहिलंय, त्याचा अर्थ मला लागत नाही. तुमचं नाव आहे म्हणून फोन केला. आणि तिनं वाचून दाखवलं. मंजिरीनं मला मराठीत सांगितलं. ते असं होतं : 'ते करवतीपाशी सापडले नाहीत. दारापाशी सापडले, बाहेर तोंड करून. मरायचंच होतं, का परत यायचं होतं? सुमनला विचारायचं : वेळ असतो का?'

क्लेर विचारत होती, वेळ म्हणजे कसला वेळ? मी म्हटलं, थोडे दिवस दे. पुन्हा घाई करायची नव्हती. मी पंधरा दिवस घेतले. तातोबा मिस्त्री आता नाहीत, पण त्यांचा मुलगा आजऱ्यातच असतो. त्याच्याकडं जाऊन आले, त्याला विचारलं, माझं आठवतंय ते बरोबर आहे का म्हणून पडताळलं. आता सांगते. मंजिरी हे इंग्रजीत करून क्लेरला पाठवणार आहे.

ओदीलबाई, वेळ असतो. आमच्या गिरणीत माझ्या डोळ्यांदेखत पट्टा दोनदा तुटला. लोखंडाला पहिला दात लागला की सरळ चाललेला आवाज एकदम वर चढतो, आणि मग पट्टा तुटतो. त्या दोहोंच्या मधे एक श्वास असतो, जास्त नाही. ज्याला माहीत नसतं तो त्या श्वासात वाकून ओंडक्याकडं बघतो, काय झालं म्हणून. पहिल्यांदा तुटला तेव्हा आमचा हाताखालचा गडी असाच वाकला, आणि त्याचा खांदा गेला. दुसऱ्यांदा तातोबांना शंका आलेली होती. ओंडका फार महागाचा म्हणून घेतला चढवायला, पण त्यांनी आधीच एक पाय मागं ठेवला होता, तोंड दाराकडं. आवाज चढला तसा त्यांनी ओंडका सोडला आणि चार पावलं बाहेर पळाले. वाचले. मी त्यांना पाणी दिलं तर म्हणाले, "वयनी, पाचवं पाऊल टाकायला मिळालं नसतं."

मरायला निघालेला माणूस ओंडक्यापाशी उभा राहिला असता. तुमचे वडील दारापाशी होते, तोंड बाहेर. त्यांनी पाय आधीच मागं ठेवला होता. ते बाहेर येत होते. वेळ असतो, ओदीलबाई. त्यांना तो पुरला नाही, एवढंच.